आवाज जातो, पण नेमका किती वाजता?

(वाचकांचे प्रश्न : घरातली विजेची आणि आवाजाची उपकरणं)

प्रश्न : आमच्याकडे ५५ इंची टीव्ही आणि ५.१चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) होम थिएटर रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर, आहे. सेटटॉप बॉक्स आणि स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीला जोडलेत. टीव्हीतून आवाज एचडीएमआयच्या एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या) सॉकेटमधून रिसीव्हरकडे जातो. गेल्या दिवाळीपासून मधूनमधून दोन-तीन सेकंद आवाज गायब होतो. चित्र मात्र व्यवस्थित चालू असतं. सामन्यात नेमकी विकेट पडते आणि समालोचक मुका होतो. दुकानदार म्हणतो, रिसीव्हर बदला. पत्नी म्हणते, आपला जुना टेपच बरा होता. काय करू?
— एक निवृत्त बँक अधिकारी, महात्मानगर, नाशिक

उत्तर : साहेब, तुमचं पत्र आलं तेव्हा मी तुम्हाला फोनवर एकच काम सांगितलं होतं: वही घ्या, आवाज गेला की घड्याळ बघा, वेळ लिहा आणि त्या वेळी काय चालू होतं तेही लिहा. तुम्ही आयुष्यभर खतावण्या जुळवलेल्या, त्यामुळे वही अशी आली की मला वाचून आनंद झाला. एका संध्याकाळच्या एकूण अकरा नोंदी. इतर वाचकांसाठी त्या वहीचीच गोष्ट सांगतो, कारण अशी पत्रं मला महिन्याला पाच-सहा तरी येतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याकडे एकच बिघाड आहे. तुमच्याकडे तीन निघाले.

अकरापैकी पाच नोंदींपुढे तुम्ही लिहिलं होतं, ‘जाहिरात सुरू’ किंवा ‘जाहिरात संपली’. हा बिघाडच नव्हे. काही एचडी वाहिन्यांवर कार्यक्रम डॉल्बीत (अनेक स्पीकरांसाठी गुंडाळून पाठवलेल्या आवाजात) असतो आणि जाहिरात साध्या दोन स्पीकरांच्या स्टिरिओत. सेटटॉप बॉक्स ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर (म्हणजे आवाज न उलगडता आला तसाच पुढे) ठेवला असेल तर आवाजाचा साचा (फॉरमॅट) बदलल्याबरोबर रिसीव्हर आधी तोंड मिटतो, नवीन साचा ओळखतो आणि मग बोलायला लागतो. मुद्दामच मिटतो. डॉल्बीचा कच्चा डेटा साधा आवाज समजून स्पीकरला दिला तर असा कर्कश खरखराट होईल की तुम्ही खुर्चीवरून पडाल. यावर उपाय म्हणजे सेटटॉप बॉक्सच्या मेनूत आवाजाचं आउटपुट ‘पीसीएम’ (उलगडलेला साधा डिजिटल आवाज) करा. मग साचा कायम एकच राहतो. पण त्याची किंमत आहे, ती लपवत नाही: साध्या एआरसीतून पीसीएम फक्त दोन चॅनेलचाच जातो. मागच्या स्पीकरांतून जो आवाज येईल तो रिसीव्हरने स्वतः तयार केलेला असेल. बातम्या, मालिका आणि क्रिकेटला मला तरी तेवढं पुरतं. स्टिकवरचे चित्रपट मात्र डॉल्बीतच ठेवा. ती सेटिंग स्टिकच्या मेनूत वेगळी असते, दोन्हींची गल्लत करू नका.

पुढच्या चार नोंदी वाचताना मी थबकलो. ८.२९, ९.०४, ९.२१, ९.३९. मध्ये ८.४७च्या आसपास एक हवी होती, पण तेव्हा तुम्ही जेवायला उठला होतात असं वहीतच लिहिलंय. म्हणजे साधारण सतरा-अठरा मिनिटांचं अंतर. एआरसीच्या वायरला घड्याळ कळत नाही. घरात घड्याळासारखं चालणारं काहीतरी आहे, हे तिथेच कळलं. म्हणून त्या रविवारी कॉलेज रोडवर मिसळ खाऊन तुमच्याकडे आलो.

पुढचं श्रेय माझं नाही. मी टीव्हीसमोर बसलो होतो, वहिनी ओट्यापाशी होत्या. आवाज गेला आणि त्याच क्षणी त्या आतून म्हणाल्या, ‘‘आत्ता फ्रिज बंद झाला बघा.’’ चाळीस वर्षं त्या स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईला फ्रिजची घरघर थांबलेली ऐकू येते. आम्हा कारागिरांना मीटर लावावा लागतो.

आता हे होतं कसं, ते सांगतो. साध्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद होतो तेव्हा थर्मोस्टॅटच्या पॉइंटमध्ये ठिणगी पडते. त्या ठिणगीचा झटका घरच्या वायरिंगमध्ये पसरतो. तुमच्या वायरमनने टीव्हीपासून समोरच्या भिंतीतल्या शोकेसपर्यंत दहा मीटरची एचडीएमआय केबल नेली, आणि भिंत एकदाच फोडावी लागावी म्हणून ती स्वयंपाकघराच्या लाइनच्याच कन्ड्युट पाइपातून ओढली. दहा मीटर दोघी अंगाला अंग लावून. झटका इकडून तिकडे गेला, एआरसीचा दुवा क्षणभर तुटला. टीव्ही आणि रिसीव्हर पुन्हा एकमेकांना ओळख देईपर्यंत दोन-तीन सेकंद गेले.

‘मग चित्र का जात नाही?’ हे तुम्ही दोनदा विचारलंत. कारण चित्र त्या केबलमधून जातच नाही! सेटटॉप बॉक्स आणि स्टिक दोन्ही टीव्हीच्या पाठीला आखूड केबलने जोडलेत. लांबच्या प्रवासाला निघतो तो एकटा आवाज. एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात, त्यांतल्या १४ आणि १९ नंबरच्या दोन पिनांवर एआरसीचा आवाज उलटा चालत रिसीव्हरकडे येतो. ही सोय २००९च्या १.४ आवृत्तीपासून आली. स्वस्तातल्या लांब केबलींमध्ये नेमक्या या दोन तारांकडे दुर्लक्ष झालेलं मी बऱ्याचदा पाहिलंय. चित्र झकास दिसतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं केबल उत्तम आहे.

संशय आला म्हणून लगेच भिंत फोडायची नसते. आपण रिसीव्हर शोकेसमधून उचलला, टीव्हीखाली स्टुलावर ठेवला, दीड मीटरची केबल लावली आणि पुढचे फक्त दोन स्पीकर जोडले. मग चहा-चिवडा घेत फ्रिजच्या दोन फेऱ्या होईपर्यंत बसून राहिलो. फ्रिज दोनदा बंद झाला, आवाज एकदाही गेला नाही. दुकानदाराचं ऐकून नवा रिसीव्हर आणला असता तर तोही त्याच शोकेसमध्ये, त्याच केबलच्या टोकाला बसला असता आणि फ्रिजने त्यालाही मुकं केलं असतं.

मी सुचवलं तेच तुम्ही कायम केलंत: रिसीव्हर टीव्हीखाली. पुढच्या तीन स्पीकरांच्या वायरी उलट आखूड झाल्या. मागच्या दोघांच्या वाढवाव्या लागल्या, पण स्पीकरच्या वायरीला असल्या झटक्याचं काही वाटत नाही, तिच्यात ओळख-परेडच नसते. जाडी दीड चौरस मिलिमीटर घेतली की दहा-बारा मीटरला पुरे. शोकेसमध्ये वहिनींनी पितळी समया मांडल्या, त्या तिथे रिसीव्हरपेक्षा शोभतात.

ज्यांना रिसीव्हर हलवणं शक्य नाही त्यांनी केबल वेगळ्या पट्टी-केसिंगमधून, विजेच्या वायरीपासून वीतभर तरी लांब न्यावी. किंवा ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्यातून लाल प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे फ्रिज, मिक्सर, ट्यूबचा चोक यांतलं कोणीही तिच्या वाटेला जाऊ शकत नाही. पाच मीटरपर्यंत ती बिनघोर चालते, त्यापुढे प्रकाश मंदावतो. कोपऱ्यात काटकोनात मोडू नका आणि टोकाची प्लॅस्टिकची टोपी काढायला विसरू नका. हसू नका, सिडकोत एका घरी तेवढ्याच कामाला मी रिक्षा करून गेलो होतो. ऑप्टिकलमधून साधा डॉल्बी डिजिटल ५.१ जातो, डॉल्बी डिजिटल प्लस आणि त्यावर येणारा अ‍ॅटमॉस जात नाही. तुमच्या ५.१ला त्याने काही बिघडत नाही.

राहिल्या दोन नोंदी. तिथे तुम्ही लिहिलं होतं, ‘आवाज टीव्हीतून आला, मग परत रिसीव्हरच्या स्पीकरांतून.’ हा सीईसीचा घोळ. एका रिमोटने सगळी उपकरणं चालावीत म्हणून एचडीएमआयच्या एका तारेवरून ती आपापसांत बोलतात. कोणी त्याला सिंपलिंक म्हणतं, कोणी ब्राव्हिया सिंक, कोणी एनीनेट प्लस, वस्तू एकच. तुमची स्टिक झोपेतून स्वतःहून जागी होते, ‘मी आले’ असं जाहीर करते आणि टीव्ही गडबडतो. सीईसी टीव्हीत बंद करू नका, साधं एआरसी त्याच्याच जिवावर चालतं. ते फक्त स्टिकच्या मेनूत बंद करा. रिमोट एक जास्तीचा हाताळावा लागेल, एवढंच.

मीही काही शहाणा नव्हतो. माझ्या घरी मुलगा हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन काम करायचा तेव्हा टीव्हीचा आवाज आणि चित्र दोन्ही सेकंदभर जायचं. मी दोन केबली बदलल्या, प्लग बदलला, वायरमनला शिव्या घातल्या. शेवटी लक्षात आलं की तो गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीतून उठला की हे होतं. तसल्या खुर्चीत स्थिर विजेची लहानशी ठिणगी पडते आणि जवळच्या केबलला तेवढी पुरते. खुर्ची आतल्या खोलीत गेली, प्रश्न मिटला. दोन केबली अजून माळ्यावर आहेत.

प्रश्न : काका, आमच्या साउंडबारचा सबवूफर आणि मागचे दोन स्पीकर वायरलेस आहेत. दिवसा छान चालतात, रात्री आठनंतर तुटक तुटक वाजतात. व्होल्टेजमुळे होत असेल का? स्टॅबिलायझर घेऊ का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : ताई, स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा. आठनंतर तुमच्या इमारतीतले सगळे घरी येतात, आणि प्रत्येकाच्या घरी एक वाय-फायचा डबा आहे. बरेच वायरलेस स्पीकर २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. वाय-फाय तिथेच, ब्लूटूथ तिथेच, आणि भाजी गरम करायचा मायक्रोवेव्हसुद्धा २.४५वर. संध्याकाळी रविवार कारंजाच्या गर्दीत गाडी घातल्यासारखं होतं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत राउटर सबवूफरच्या डोक्यावर ठेवलेला दिसतोय. आधी तो उचला. दोघांमध्ये निदान दीड-दोन मीटर जागा ठेवा. मग राउटरच्या सेटिंगमध्ये २.४चं चॅनेल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी जिथे शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल ते पक्कं करा. टीव्ही, फोन आणि लॅपटॉप राउटरच्या ५ गिगाहर्ट्‌झवर हलवा, म्हणजे खालचा रस्ता स्पीकरला मोकळा मिळेल. पण त्याआधी साउंडबारची पुस्तिका बघा. काही संचांचे स्पीकर ५.८ गिगाहर्ट्‌झवर बोलतात. तसं असेल तर मायक्रोवेव्ह निर्दोष आहे, आणि मग ५ गिगाहर्ट्‌झवरचं वरच्या टोकाचं चॅनेल सोडून राउटर खालच्या चॅनेलवर आणा.

मागचा उजवा स्पीकर जास्त तुटतो असं तुम्ही लिहिलंय. त्याच्या आणि साउंडबारच्या मध्ये लोखंडी कपाट आहे, फोटोत अर्धंच दिसतंय. रेडिओलहरी लोखंडातून आरपार जात नाहीत. स्पीकर फूटभर पुढे सरकवून बघा.

प्रश्न : रात्री आवाज लहान ठेवून चित्रपट पाहतो तेव्हा सबवूफर मधेच बंद पडतो. आवाज वाढवला की सुरू होतो.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : सबवूफरच्या पाठीमागे ‘ऑटो – ऑन’ असा खटका असेल. ‘ऑटो’वर काही मिनिटं सिग्नल क्षीण आला की तो झोपतो. ‘ऑन’ करा. झोपताना सबवूफरचा मेन स्विच बंद करायची सवय ठेवा, नाहीतर रात्रभर वीज खाईल.

प्रश्न : मारामारीचा प्रसंग आला की आमचा रिसीव्हर पूर्णच बंद पडतो. दहा मिनिटांनी चालू होतो. सर्व्हिस सेंटरमध्ये नेला तर तिथे दिवसभर वाजला, म्हणाले काही दोष नाही. घरी आणला की पुन्हा तेच.
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तो बिघडत नाही, स्वतःला वाचवतोय. मोठ्या आवाजाला अ‍ॅम्प्लिफायर जास्त करंट ओढतो. त्यात अंग फार तापलं किंवा स्पीकरच्या वायरीत शॉर्ट दिसला तर तो रीले (आतला आपोआप पडणारा खटका) पाडून गप्प बसतो. सर्व्हिस सेंटरला तुमच्या स्पीकरवायरी नव्हत्या आणि तुमचं शोकेसही नव्हतं, म्हणून तिथे वाजला.

प्लग काढून मागची बाजू टॉर्चने बघा. लाल टर्मिनलमधून तांब्याचा एखादा केसासारखा धागा बाहेर येऊन काळ्याला चिकटलेला असतो. तो सापडला तर वायर पुन्हा सोलून, पीळ देऊन नीट बसवा.

धागा नसेल तर उष्णता. दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतो म्हणजे मला तरी हीच जास्त वाटते. बंद काचेच्या शोकेसमध्ये, वरून टेकलेल्या फळीखाली, एप्रिल-मेमध्ये नाशिकला चाळिशीचा पारा असताना तो श्वास घेणार कुठून? काच काढा, वर निदान चार बोटं जागा ठेवा. आणि तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की धूळ बसू नये म्हणून आईंनी क्रोशाचा रुमाल विणून वर घातलाय. आईंना माझा नमस्कार सांगा, रुमाल सुंदर असणार, पण तो टीपॉयवर घाला.