पेडल स्टील: पाय बघा, मग टाळ्या कळतील

प्रश्न: सेंट लुईसच्या स्टील गिटार कन्व्हेन्शनमधली वादनं पाहिली. गाणं नाही, नाच नाही. एक जण बसून वाजवतोय आणि मध्येच, काही विशेष घडल्यासारखं वाटत नसताना, सभागृहातून आरोळी उठते. लोक नेमकी कशाला दाद देतात?

उत्तर: पेडल स्टील म्हणजे पायांवर आडवी उभी केलेली गिटार. तारांवर पोलादी बार सरकवायचा, आणि पावलाने पेडल्स व गुडघ्याने लिव्हर दाबून ठरावीक तारांचे सूर बदलायचे. अमेरिकेतल्या कन्ट्री संगीतात ती बहुतेक वेळा गायकाच्या मागे असते. सुरुवातीचा छोटा तुकडा, दोन ओळींमधल्या जागा भरणं, मध्ये अर्ध्या कडव्याएवढी संधी, एवढाच तिचा वाटा. डीविट ‘स्कॉटी’ स्कॉट यांनी सेंट लुईसला अमेरिकेतल्या लेबर डेच्या सुट्टीत भरवलेल्या कन्व्हेन्शनने, म्हणजे स्टीलवादकांच्या संमेलनाने, आणि टेक्सस स्टील गिटार असोसिएशनच्या जॅम्बोरी या मेळाव्याने तिला रंगमंचाच्या मधोमध आणून बसवलं. साथीचा वाद्यवृंद ठरलेला आणि त्याच्यापुढे एकामागून एक स्टीलवादक. समोर बसलेल्यांतले पुष्कळ जण स्वतः वाजवणारे. त्यामुळे दाद सुरावटीला मिळते तशी ती कशी काढली यालाही मिळते.

हे समजून घ्यायला ई नाइन्थ या दहा तारांच्या जुळणीचं एक उदाहरण पुरेल. बार जिथे ठेवलाय तिथला मूळ सूर षड्ज धरा. चौथी तार सा, पाचवी खालचा प, सहावी ग. ‘ए’ पेडल दाबलं की पाचवी आणि दहावी तार प वरून ध वर जाते. ‘बी’ पेडल दाबलं की तिसरी आणि सहावी ग वरून म वर. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, आणि बार जागचा हललेलाच नसतो. बारने मींड घेतली तर त्याखालच्या सगळ्या तारा एकत्र सरकतात. पेडलने घेतली तर एक सूर चढतो आणि त्याच्या शेजारचा सा तसाच उभा राहतो. स्थिर सुराला घासून जाणारी ही मींड म्हणजे या वाद्याचा जीव. आता वादकाने ‘ए’ पेडल पूर्ण न दाबता कोमल धैवतापाशी क्षणभर रोखलं आणि मग सावकाश शुद्ध धैवतावर नेलं, तर जाणकार तिथेच ओरडतात. पायाच्या घोट्यात एवढा ताबा यायला वर्षं जातात, हे त्यांना ठाऊक असतं.

१९५४ साली कन्ट्री गायक वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी वाजत्या सुरावर पेडल दाबलं, आणि तो आवाज बारने काढता काढता इतर वादकांची दमछाक झाली. आयझॅक्स यांचं एकच पेडल ‘ए’ आणि ‘बी’ चे दोन्ही बदल एकदम करायचं. बडी एमन्स यांनी ते दोन पेडल्सवर वेगळे केले. आज रंगमंचावर दिसणारी डाव्या पावलाची डावी-उजवी डुलण तिथून आली.

प्रश्न: प्रत्यक्ष ऐकायला जाणार आहे. कुठे बसावं?

उत्तर: दोन वादनं दोन जागांवरून ऐका. एकाच जागेवरून सगळं मिळत नाही.

रंगमंच छातीएवढा उंच असेल तर पहिल्या दोन-तीन रांगांतून पेडल्स थेट नजरेसमोर येतात. गिटारचा पुढचा पट्टा गुडघ्याचे लिव्हर झाकतो, पण गुडघे कुठे वळले ते खालून दिसतं. लक्षात ठेवा, सगळं उलटं दिसणार आहे: वादकाचं पहिलं पेडल तुमच्या उजव्या हाताला, त्याचा बारचा हातही तुमच्या उजवीकडे आणि नख्या घातलेला हात डावीकडे. बार पाहायचा असेल तर मध्यापासून थोडं उजवीकडे बसा.

तिथे बसून एक गंमत जरूर पकडा. जी मेजर हा एकच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तीन ठिकाणी मिळतो: तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे बारची जागा दाखवणाऱ्या तिसऱ्या रेघेवर, काही न दाबता, सहाव्यावर ‘ए’ पेडल आणि ई चा एफ करणारा, म्हणजे सा अर्धा सूर चढवणारा, लिव्हर मिळून, दहाव्यावर ‘ए’ आणि ‘बी’ मिळून. एमन्स यांच्या नावाच्या, सर्रास दिसणाऱ्या मांडणीत तो लिव्हर डावा गुडघा डावीकडे नेऊन दाबतात. बार चढत जातो, कॉर्ड तोच राहतो, फक्त त्यातले सूर वरच्या क्रमाने येतात. पाय न बघता हे ऐकलं तर वादक नुसता वर सरकतोय असं वाटेल. पेडल्सचा क्रम काही वादकांकडे उलटा सापडेल. तो स्टीलवादक जिमी डे यांच्या नावाने ओळखला जातो, निघणाऱ्या सुरांत फरक नसतो.

काही गिटारना दोन गळे, म्हणजे तारांचे दोन वेगळे संच असतात. त्यांत तुमच्या बाजूचा गळा सहसा ई नाइन्थचा आणि वादकाच्या पोटाकडचा सी सिक्स्थ या दुसऱ्या जुळणीचा. पाऊल पहिल्या तीन पेडल्सवर असेल तर कन्ट्री चालू आहे. ते चौथ्यापासून आठव्याकडे गेलं की स्विंग किंवा जॅझ येणार, भरीव कॉर्ड येणार.

आवाजासाठी मात्र मागे जा. पुष्कळ वादक १५ इंची स्पीकरचा अँप पाठीशी ठेवतात. त्याचे तार सप्तकातले सूर सरळ रेषेत फेकले जातात, त्यामुळे समोर नेमक्या त्या रेषेत बसलेल्याला धार टोचते आणि बाजूच्याला आवाज मंद वाटतो. सभागृहाच्या मध्यापासून थोडं मागे, ध्वनिमिश्रकाच्या टेबलाजवळ, तोल सगळ्यात चांगला.

प्रश्न: उजवा पाय सारखा वर-खाली होत असतो. ते ताल धरणं आहे का?

उत्तर: नाही, तो आवाजाच्या पेडलवर असतो. तार छेडताना ते साधारण निम्म्यावर ठेवतात आणि सूर विझू लागला की त्याच वेगाने हळूहळू उघडत नेतात. तारेचा आवाज घटतो, पेडल भरपाई करतं, आणि कानाला एकसारखी लांब आस ऐकू येते. नवखा वादक प्रत्येक सुराला पेडल खाली-वर करतो, मग सूर फुगतो आणि छेडण्याची कड नाहीशी होते. चांगल्या वादकाचा पाय एका ओळीत जेमतेम दोनदा परत येतो.

वादनात मध्येच खरखर आली तर पहिला संशय याच पेडलवर घ्या. बहुतेकांत ५०० किलो-ओहमचा पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोधक) असतो, सतत फिरून त्याचा कार्बनचा पट्टा झिजतो. धूळ असेल तर संपर्क साफ करणाऱ्या फवाऱ्याने काम भागतं, झीज असेल तर पॉट बदलावाच लागतो. काही पेडल्समध्ये पॉट दोरीने फिरतो. ती दोरी तुटली की आवाज आहे तिथेच अडकतो. प्रकाशावर चालणाऱ्या पेडलला ही झीज नाही.

प्रश्न: ट्यूनर लावून पाहिलं तर नावाजलेल्या वादकाचाही गंधार खाली दाखवतो. बेसूर म्हणायचं का?

उत्तर: मुळीच नाही. षड्जाशी नैसर्गिकरीत्या जुळणारा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). लांब टिकणाऱ्या कॉर्डमध्ये पियानोचा गंधार थरथरतो, म्हणून स्टीलवादक तो मुद्दाम उतरवून लावतात. किती उतरवायचा यावर वादकांत मतभेद आहेत. सोबत पियानो असेल तर काही जण मधला मार्ग काढतात आणि आमच्या मते तेच बरोबर.

दुसरं कारण यांत्रिक आहे. पेडल दाबल्यावर ताण वाढतो, गिटारचं अंग किंचित वाकतं आणि न दाबलेल्या ताराही काही सेंट उतरतात. एक तार तुटली की उलट होतं, बाकीच्या चढतात. त्यात रंगमंचावरच्या दिव्यांची ऊब तारा सैल करते. म्हणून वादक आधी येऊन गिटार दिव्याखाली ठेवतो आणि तापल्यावरच जुळवतो.

प्रश्न: दोन वादकांच्या मध्ये इतका वेळ का जातो? आणि तुटते ती नेहमी तिसरीच तार का?

उत्तर: गिटार पेटीत उलटी ठेवलेली असते. ती तशीच ठेवून चार पाय फिरवून बसवायचे, पेडल्सची पट्टी लावायची, प्रत्येक पेडलची सळी खालच्या यंत्रणेत अडकवायची, मग सगळं सुलटं करून जुळवायचं. सळ्यांची अदलाबदल झाली तर भलतीच तार हलते. दोन गळ्यांची गिटार पेटीसकट तीस किलोच्या घरात जाते, त्यामुळे घाई करून चालत नाही. नीट चालवलेल्या कार्यक्रमात पुढच्याची गिटार पडद्यामागे उभी करून ठेवतात.

तिसरी तार सहसा ०.०११ इंचाची, सगळ्यांत बारीक, आणि सगळ्यांत उंच सुरावर ताणलेली. शिवाय ‘बी’ पेडल तिला दर वेळी आणखी अर्धा सूर ओढतं. चेंजरच्या, म्हणजे पेडलच्या ओढीने तार ताणणाऱ्या-सोडणाऱ्या यंत्रणेच्या, गोल माथ्यावर ती एकाच जागी वाकत-सरळ होत राहते आणि तिथेच तुटते. तुटण्याआधी सहसा काही कळत नाही. म्हणून जाणता वादक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती बदलतो. नवी तार त्याच दिवशी घातली तर ती ताणून बसेपर्यंत सूर उतरत राहतो.

प्रश्न: फोटो काढले तर चालतात?

उत्तर: परवानगी असेल तर, पण फ्लॅशशिवाय. फ्रेटच्या रेघा नुसत्या आखलेल्या असतात, तार त्यांना टेकत नाही. वादक कान आणि नजर दोन्हींच्या भरवशावर बार ठेवतो. उडी मारण्याच्या क्षणी डोळे दिपले की बार चुकतो.

प्रश्न: बाहेर विक्रेत्यांच्या टेबलांवर जुन्या गिटार मांडलेल्या असतात. हात लावून बघताना काय तपासावं?

उत्तर: आधी विचारा, मगच बसा. लिव्हर मालकाच्या गुडघ्यांना बेतून वाकवलेले असतात, ते जोर लावून सरकवू नका.

मग ट्यूनर जोडा. प्रत्येक तार मोकळी वाजवा, तिचं पेडल दाबून सोडा, पुन्हा वाजवा. दोन-तीन सेंटच्या आत परत आली तर ठीक. चढवून सोडल्यावर मूळ सुराच्या खाली येत असेल तर नटाच्या (खुंट्यांकडच्या टेकूच्या) रोलरकडे बघा: तो फिरतोय का, तारेने त्यात खाच पाडली आहे का. उतरवणारा लिव्हर सोडल्यावर तार खालीच राहत असेल तर परत खेचणारी स्प्रिंग कमजोर आहे किंवा चेंजरमध्ये जुनं तेल चिकटलंय. मोकळी तारच चढी असेल तर सळीच्या टोकाची नायलॉनची चकती फार आवळली गेली असण्याचा संभव आहे. पेडल सोडलेलं असताना सळीला किंचित सैलपणा हवा, नाहीतर तार आपल्या मूळ टेकूवर येतच नाही. चकती षटकोनी किल्लीने अर्धा फेरा सोडून पुन्हा तपासा, पण हे विक्रेत्याला करू द्या. शेवटी ‘ए’ आणि ‘बी’ दाबून चौथी तार वाजवा आणि ती किती उतरते ते ट्यूनरवर वाचा. पाच-सहा सेंटच्या पुढे गेली तर ते दुरुस्तीत सहसा सुटत नाही, कारण दोष गिटारच्या अंगातच असतो. तिथे भाव कमी करून मागण्यापेक्षा दुसरी गिटार बघणं बरं.