नवीन बंपर नीट बसत नाहीये? आधी हे बघ

अरे टेन्शन घेऊ नकोस, बाहेरचा, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला बंपर पहिल्या झटक्यात क्वचितच बसतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेंट करायच्या आधी एकदा कोरा बंपर लावून बघायचा, कारण रंग दिल्यावर तो सहसा परत घेत नाहीत.

बहुतेक नवीन लोक इथेच चुकतात, एका बाजूचे बोल्ट फुल टाईट करतात आणि मग दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नाहीत म्हणून बंपरला दोष देतात. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरव, मग फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आणि हेडलाइटजवळची गॅप दोन्हीकडे सारखी कर, आणि मगच थोडं थोडं आलटून पालटून कसत जा.

तरी गॅप राहिली तर साइड ब्रॅकेट (बंपरची बाजू धरून ठेवणारी पट्टी) बघ, गाडी आधी कुठे ठोकली असेल तर बऱ्याचदा तोच वाकलेला असतो. थोडासाच फरक असेल तर वॉशर टाकून भागतं. प्लास्टिक अडत असेल तर हीट गन लांबून फिरवत कोमट कर, थंड प्लास्टिकवर जोर लावलास की क्लिपचे कान तुटतात.

ओरखडे पडू नयेत म्हणून फेंडरच्या कडेला मास्किंग टेप लाव आणि धरायला कोणीतरी सोबत घे.

ड्रिल मात्र लगेच उचलू नकोस, आणि बंपर बसावा म्हणून आतला क्रॅश बीम (धडक झेलणारा आडवा दांडा) किंवा फोम कधीच कापू नकोस, जीवाचा प्रश्न आहे.