वाचक विचारतात: बाळाला पूलमध्ये कधी उतरवायचं?

प्रश्न: ताई, माझी मुलगी 8 महिन्यांची आहे, आम्ही ठाण्याला राहतो आणि आमच्या सोसायटीच्या पूलवर बेबी स्विमिंगची बॅच सुरू होतेय. रील्समध्ये एवढी एवढी बाळं पाण्यात पडून आपोआप उताणी होऊन तरंगताना दिसतात. नवरा म्हणतो आत्ताच शिकली की कायमची काळजी मिटली, सासूबाई म्हणतात वर्षाची होऊ दे, कान फुटेल, सर्दी होईल. कोणाचं ऐकू?

उत्तर: वर्षाची होऊ दे हे सासूबाईंचं बरोबर आहे गं, फक्त कारण वेगळं आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची संस्था आधी चार वर्षांच्या आत पोहायला शिकवू नका म्हणायची, मग 2010 मध्ये त्यांनी ते सैल केलं आणि 2019 मध्ये सांगितलं की एक वर्षानंतर शिकवल्याने बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो. याच्या मागे 2009 चा एक अभ्यास आहे, त्यात 1 ते 4 वर्षांच्या ज्या मुलांनी रीतसर क्लास केला होता त्यांच्यात धोका 88 टक्के कमी दिसला. आकडा जोरदार आहे पण केसेस थोड्या होत्या, त्यामुळे मी तरी तो छातीठोकपणे कोणाच्या तोंडावर फेकणार नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळांबद्दल मात्र असा काहीच पुरावा नाही.

रीलमधलं बाळ तरंगतं ते तालमीने, पुन्हा पुन्हा तेच करून घेतलेलं असतं, कोच हाताच्या अंतरावर, पाणी कोमट, बाळ तयारीत. तेच बाळ कपड्यांसकट अचानक गार पाण्यात पडलं तर तसंच वागेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. अगदी तान्ही बाळं पाण्यात श्वास रोखतात, पाय मारतात ती जन्मजात प्रतिक्रिया असते, पाय मारणं पहिल्या काही महिन्यांत ओसरतं सुद्धा. नवऱ्याला सांग, काळजी मिटत नाही.

मग जायचंच नाही का, तर जा की खुशाल, पण क्लास म्हणून नाही, खेळ म्हणून. पाणी 32 अंशांच्या आसपास हवं, सोसायटीचा पूल गरम करत नसतील तर थंडीत विसरा. पहिल्यांदा दहा-पंधरा मिनिटं पुरे, ओठ निळसर झाले किंवा अंग थरथरलं की लगेच बाहेर काढून टॉवेलात गुंडाळायचं. तू स्वतः पाण्यात उतरायचंस, काठावर बसून मोबाईलवर शूट करायचं नाही. आणि बुडी अजिबात मारू द्यायची नाही, कारण एवढी बाळं बुडीत पाणी गिळतात, फार पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्याने फिट सुद्धा येऊ शकते.

स्विम डायपर शी थोडा वेळ अडवतो, शू अजिबात नाही, आणि जुलाबाचे जंतू तर नाहीच नाही, तेव्हा पोट बिघडलं असेल तर पूल बंद. अजून एक, पूलजवळ जाताच क्लोरीनचा वास नाकात गेला की लोकांना वाटतं वा, किती स्वच्छ. उलट आहे, तो वास क्लोरीन आणि घाम-लघवी एकत्र येऊन होतो, म्हणजे पाणी घाण झालंय. कानाचं म्हणशील तर बाहेरून नीट पुसून घे, आत तेल घालू नकोस, सासूबाईंनी वाटी आणली तरी.

प्रश्न: माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. क्लासला लावलं पण पाण्याजवळ गेला की रडून गोंधळ घालतो. सर म्हणतात एकदा-दोनदा बुडवलं, नाकातोंडात पाणी गेलं की भीती मोडते. माझे वडीलही सांगतात आम्हाला पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं आणि आम्ही शिकलो. खरंच असं करावं का? – एक बाबा, पुणे

उत्तर: नाही. वडिलांना एवढंच विचारा की ढकललं तेव्हा वय काय होतं, बहुतेक सहा-सातच्या पुढचं निघेल, आणि खाली काका नाहीतर मोठा भाऊ पोहत असणार. अडीच वर्षांच्या पोराला जबरदस्तीने बुडवलं तर भीती मोडत नाही, ती पाण्याला आणि तुम्हाला दोघांनाही चिकटते. सर बदला.

सुरुवात घरच्या बाथरूममध्ये करा. मगात पाणी घेऊन एक-दोन-तीन म्हणायचं आणि तीनला त्याच्या खांद्यावर, काही दिवसांनी डोक्यावर ओतायचं, मग त्यालाच तुमच्या डोक्यावर ओतू द्या, हे त्याला भयंकर आवडेल. हनुवटीपर्यंत पाण्यात जाऊन फुंकून बुडबुडे काढणं हा पुढचा धडा. पूलमध्ये या वयात शिकवायची खरी गोष्ट फ्रीस्टाइल नाहीच, पाण्यात पडला तर वळून भिंत पकडायची, कडा धरून हातावर हात सरकत पायऱ्यांपर्यंत यायचं, एवढं आलं तरी फी वसूल. दंडाला लावायचे फुग्याचे पट्टे शक्यतो टाळा, त्यात मूल उभंच तरंगतं आणि त्याला वाटतं मला येतं, मग एक दिवस पट्टे न लावता उडी मारतं. आणि क्लासमध्ये चार मुलं आणि एक सर असतील तर तुमचं लक्ष सरांच्या भरवशावर सोडू नका, बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही, गुपचूप खाली जातं.

प्रश्न: नातीसाठी मुलाने ऑनलाइन गळ्यात घालायची फुग्याची रिंग मागवलीय, टबमध्ये सोडायला. सुरक्षित आहे का? – एक आजी, सातारा

उत्तर: आजी, ती परत पाठवा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिकडच्या अन्न-औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2022 मध्ये याच रिंगबद्दल इशारा दिलाय, मानेवर ताण येतो, हवा गेली की बाळ खाली सरकतं आणि त्यात एका बाळाच्या मृत्यूची नोंदही आहे.

आणि टबचं विचारलंत म्हणून सांगते, आपल्याकडे पाणी दिवसाआड येतं तिथे बाथरूममध्ये पिंप, बादल्या भरून ठेवलेल्या असतात. रांगणाऱ्या, धरून उभं राहणाऱ्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, ते बादलीत वाकतं आणि उलटं पडलं की त्याला स्वतःला वर काढता येत नाही, त्यासाठी वीतभर पाणी सुद्धा पुरतं. पिंपाला घट्ट झाकण लावा, बादली रिकामी करून पालथी घाला, बाथरूमला वर, हात पोचणार नाही अशी कडी बसवून घ्या. सुनेला आणि मुलाला लहान बाळाचं सीपीआर, म्हणजे श्वास थांबला तर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायची पद्धत, शिकून यायला सांगा, तुम्हीही जा की बरोबर.