बी अक्षराची बिलंदर मंडळी

बी वरून सुरू होणारे जरा वेगळे इंग्रजी शब्द विचारा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. प्रश्न भरपूर आलेत, सगळे घेता येणार नाहीत, पण ज्यामागे खरोखर काही घडलंय असे निवडलेत.

प्रश्न: बॉयकॉट शब्दात बॉय आणि कॉट दोन्ही आहेत, पण अर्थाशी त्यांचा काहीच संबंध लागत नाही. हे काय प्रकरण आहे?

संबंध लागणार कसा, ते आडनाव आहे हो! कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी. 1880 साली कुळं म्हणाली पिकं नीट आली नाहीत, खंडात 25 टक्के सूट द्या, मालक 10 टक्क्यांवर अडून बसला आणि बॉयकॉटसाहेबांनी कुळांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा धाडल्या. त्याच सप्टेंबरात पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने एनिस गावच्या सभेत सांगितलं होतं की दुसऱ्या कुळाला हुसकावून मोकळी केलेली जमीन जो कोणी घेईल त्याला मारहाण नको, नुसतं वाळीत टाका, रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी चर्चमध्ये दिसला तरी तोंड फिरवा. मेयोच्या लोकांनी हेच हत्यार थेट कारभाऱ्यावर चालवलं. शेतावरचे गडी निघून गेले, घरातले नोकर गेले, दुकानदार माल देईना, लोहार काम करेना, धुणं धुवायला बाई मिळेना. शेवटी पीक काढायला आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून पन्नासेक माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला शेकडो शिपाई! बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता नावाचा शब्द कसा झाला ते. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार तिथल्या फादर ओमॅली या पाद्र्याबरोबर जेवायला बसला होता. वाळीत टाकण्याला इंग्रजीत ऑस्ट्रसाइझ असा भारदस्त शब्द होता, पण पाद्री म्हणाले की तो आमच्या शेतकऱ्यांना कळायचा नाही, त्यापेक्षा 'बॉयकॉट करा' असंच म्हणूया. ही हकीकत खुद्द रेडपाथनेच लिहून ठेवलीय. डिसेंबरात साहेब आयर्लंड सोडून गेले पण तोवर शब्द लंडनच्या पेपरांत पोचला होता आणि पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन सगळ्यांनी जवळपास तसाच उचलला. बिचाऱ्याचं नाव अमर झालं, पण कशासाठी बघा!

प्रश्न: बाउडलराइझ म्हणजे सेन्सॉर करणं असंच ना?

तसंच, पण त्यात एक सोवळेपणा आहे. सेन्सॉर माणूस सत्तेच्या जोरावर करतो, बाउडलराइझ करणारा तुमच्या भल्यासाठी करतोय असं समजून करतो. थॉमस बाउडलर हा इंग्लंडमधला डॉक्टर, त्याच्या नावावर शेक्सपिअरची 'फॅमिली' आवृत्ती आहे, बायकामुलांसमोर मोठ्याने वाचता यावी अशी. लेडी मॅकबेथ हातावरच्या डागाला 'डॅम्ड' म्हणते, तिथे यांनी 'क्रिमसन' म्हणजे किरमिजी घातलं. झाली ना शिवी गुल आणि रंग हजर! 'हॅम्लेट'मधल्या ऑफेलियाच्या मरणात आत्महत्येची शंकासुद्धा नको म्हणून ती सरळ अपघाताने बुडते. एक वेश्येचं पात्र तर नाटकातूनच हद्दपार. गंमत अशी की 1807 ची पहिली आवृत्ती, 20 नाटकांची, मुळात त्याच्या बहिणीने म्हणजे हॅरिएटने केली होती. पण सभ्य घरातल्या बाईला असली वाक्यं कळतात हे कबूल कसं करायचं, म्हणून नाव आलं भावाचं आणि पुढे दोनशे वर्षं टिंगलही त्याचीच. मला विचाराल तर हे त्याला फुकटात पडलेलं नाही, 1818 ची मोठी आवृत्ती त्याने स्वतःच काढली होती.

प्रश्न: डिबंक शब्द हल्ली फॅक्टचेकवाल्यांमुळे रोज दिसतो. मग नुसता बंक म्हणजे काय? कॉलेज बंक करतात तोच का?

नाही, तो बंक वेगळा. हा बंक म्हणजे थापा, पोकळ बडबड, आणि तो आला बंकम वरून. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात बंकम नावाची काउंटी आहे, तिथले खासदार फीलिक्स वॉकर. 1820 मध्ये मिझुरीत गुलामगिरी चालू ठेवायची की नाही यावर संसदेत घमासान चर्चा चाललेली, सगळ्यांना मतदान उरकायचं होतं आणि हे महाशय उठून लांबलचक भाषण द्यायला लागले. बाकीचे ओरडले बसा खाली, तर म्हणाले मी तुमच्यासाठी बोलतच नाहीये, बंकमसाठी बोलतोय! म्हणजे मतदारसंघात पेपर वाचणाऱ्यांसाठी. झालं, 'बंकमसाठी बोलणं' हा वाक्प्रचार झाला, स्पेलिंग सोपं झालं, मग अर्धा शब्द गळून बंक उरला. डिबंक, म्हणजे थापा उघड्या पाडणं, मात्र पार 1923 चा, विल्यम वुडवर्ड या अमेरिकन लेखकाने तयार केलेला.

प्रश्न: बेडलम आणि बेथलहेम यांचा संबंध आहे असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. लंडनमध्ये 1247 साली बेथलहेमच्या नावाने एक मठ निघाला, पुढे तिथे मनोरुग्णांना ठेवायला लागले. लोकांच्या तोंडी बेथलहेमचं बेथलेम आणि त्याचं बेडलम झालं. अठराव्या शतकात लोक करमणूक म्हणून रुग्ण बघायला जायचे, म्हणून मला हा शब्द नुसत्या गोंधळासाठी वापरायला जरा जड जातो.

प्रश्न: पुस्तकावरच्या ब्लर्बचं, म्हणजे वेष्टणावरच्या स्तुतीच्या मजकुराचं, मूळ लॅटिन की ग्रीक?

दोन्ही नाही, सरळ चेष्टा आहे. 1907 मध्ये जिलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने पुस्तकविक्रेत्यांच्या जेवणासाठी आपल्या पुस्तकाला एक खास वेष्टण केलं, त्यावर मिस बेलिंडा ब्लर्ब नावाची बाई हात तोंडाशी नेऊन पुस्तकाची स्तुती ठोकतेय. बाई काल्पनिक, स्तुती फुगवलेली. पुढच्या वेळी क्यू घेऊ, प्रश्न पाठवा, फक्त 'क्यू' या शब्दाचाच नको, तो आधीच रांगेत आहे.