घाट उतरताना ब्रेक दाबला की पिकअप थरथरते. डिस्क बदलावी लागेल का?

लगेच डिस्क बदलू नका. आधी थरथर कुठून येते ते बघा. ब्रेक न दाबताही गाडी हलत असेल तर टायर नाहीतर बॅलन्सिंग. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हातात हलत असेल तर बहुतेक पुढची डिस्क. सीट हादरत असेल तर मागच्या ब्रेकचा ड्रम. खात्री हवी असेल तर मोकळ्या, सपाट जागेत 20–25 च्या स्पीडला हँडब्रेक हळूहळू ओढा. तेव्हाही हादरे बसले तर ड्रम अंडाकृती झालाय. (हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तरच ही युक्ती.)

गॅरेजवाले डिस्कला 'वाकडी' म्हणतात, पण बऱ्याचदा ती वाकलेली नसते, काही ठिकाणी किंचित पातळ झालेली असते. हबवरचा, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या भागावरचा, गंज हे नेहमीचं कारण. डिस्क काढा, हबचा चेहरा वायर ब्रशने चकाचक करा, मग डिस्क परत बसवून डायल गेज (डोलणं मोजायचं साधन) लावून बघा. 0.1 मिमीच्या वर डोलत असेल तर लेथवर टर्निंग मारा, म्हणजे घासून सपाट करून घ्या. मात्र डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली जात असेल तर नवीनच, आणि तीही जोडीने. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिना जाम असतील तर साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा, नाहीतर नवी डिस्कही तशीच होईल. चाकाच्या बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणाही बघून घ्या.

चाकाचे नट एअर गनने ठोकू देऊ नका. समोरासमोरचे आवळा, टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणारा पाना).

आणि घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, खालचा गिअर टाका.