जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्ट अडखळतो. मुक्त स्रोत मॉड टाकून तो सुधारता येईल का, आणि अशा मॉडवर विश्वास ठेवावा का?

मुलाच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, माइनक्राफ्ट अडखळत चालतो आणि त्यावर मुक्त स्रोत मॉड, म्हणजे ज्याचा मूळ प्रोग्राम कोणालाही वाचता आणि बदलता येतो असा खेळात बदल करणारा जोड-प्रोग्राम, हा उपाय कोणीतरी सुचवला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. उपाय योग्य आहे, आणि अशा यंत्रावर त्याचा फरक डोळ्यांना दिसण्याइतका मोठा असतो. मात्र वीस-पंचवीस मॉडची तयार यादी उतरवून घेण्याऐवजी खेळ नेमका कोठे अडतो हे आधी पाहावे, आणि त्या दोषावर काम करणारे दोन-तीनच मॉड घ्यावेत, असे मी सुचवीन. मी एका लहान सर्व्हरची देखभाल करतो आणि तेथे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ मॉड कमी असण्यात नव्हे, तर विनाकारण भरलेल्या मॉडमध्ये सापडते.

सर्वप्रथम मुलगा कोणती आवृत्ती खेळतो ते पाहा. संगणकासाठी २०२२ पासून जावा आणि बेडरॉक या दोन्ही आवृत्त्या एकत्रच विकल्या जातात, त्यामुळे विकत घेणाऱ्याच्या लक्षात हा फरक अनेकदा येत नाही. मोबाइलवर आणि कन्सोलवर चालणारी बेडरॉक आवृत्ती सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेली आहे आणि तिच्यात कंपनीने ठरवून दिलेल्या चौकटीतले ॲड-ऑनच टाकता येतात. पुढे मी जे सांगणार आहे ते केवळ जावा आवृत्तीला लागू आहे.

आता अडखळण्याविषयी. माइनक्राफ्टमध्ये दोन कामे शेजारी-शेजारी चालू असतात. एक म्हणजे चित्र रंगवणे, आणि दुसरे म्हणजे जगाचा हिशेब ठेवणे: प्राण्यांनी कोठे जायचे, पाणी कसे वाहायचे, पीक किती वाढायचे. हा हिशेब सेकंदाला २० वेळा होतो, त्या प्रत्येक फेरीला टिक म्हणतात, आणि म्हणून एका टिकच्या वाट्याला ५० मिलिसेकंद येतात. कळफलकावरची एफ३ कळ दाबल्यावर जो माहितीचा पडदा उघडतो, त्यावर सेकंदाला किती फ्रेम रंगवल्या जात आहेत हा आकडा दिसतो आणि एका टिकला किती मिलिसेकंद लागत आहेत हेही दिसते. नजर फिरवताना दृश्य तुटक होत असेल, पण गाई-मेंढ्या नेहमीच्या गतीने चालत असतील, तर अडचण चित्र रंगवण्यात आहे. फोडलेला ठोकळा क्षणभराने परत जागेवर येत असेल, किंवा प्राणी थांबून एकदम पुढे सरकत असतील, तर टिक ५० मिलिसेकंदांच्या पलीकडे जात आहे. खेळ अधूनमधून एखादा सेकंद पूर्णपणे गोठून पुन्हा सुरळीत चालत असेल, तर मेमरीकडे पाहावे. तीन दोषांचे तीन उपाय आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला सहसा लागू पडत नाही.

तुमच्या वर्णनावरून, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे, पहिला दोष असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, आणि त्यावर सोडियम हा मॉड आहे. माइनक्राफ्टचे जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या उभ्या खांबांत विभागलेले असते, त्यांना चंक म्हणतात, आणि १.१८ या आवृत्तीपासून सामान्य जगातला प्रत्येक खांब ३८४ ठोकळे उंच झाला आहे. दृष्टीची मर्यादा १२ चंक ठेवली, तरी खेळाडूभोवती असे सहाशेच्या वर खांब उभे राहतात. सोडियम ही सर्व माहिती ग्राफिक्सच्या चिपला कमी जागेत आणि मोठ्या गठ्ठ्यांनी देतो, आणि डोंगराआड किंवा जमिनीखाली दडलेला भाग रंगवण्याच्या यादीतून अधिक काटेकोरपणे वगळतो. दुसऱ्या दोषासाठी त्याच चमूचा लिथियम आहे. तो प्राण्यांचा मार्ग शोधणे, वस्तूंची टक्कर तपासणे अशा हिशेबांची मांडणी बदलतो, परंतु खेळाचे नियम बदलत नाही. रेडस्टोनची (खेळातल्या विजेसारख्या पदार्थाची) यंत्रे बांधणाऱ्या मुलांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची असते. तिसऱ्या दोषावर फेराइटकोर हा छोटा मॉड आहे, जो ठोकळ्यांच्या स्थितींची एकच माहिती मेमरीत अनेकदा साठवली जाणे टाळतो. पण त्याचा खरा लाभ मोठ्या मॉडसंचांत दिसतो, साध्या खेळात फरक थोडाच पडतो. हे तिन्ही एकत्र सुखाने नांदतात.

मेमरीच्या बाबतीत मॉडपेक्षा लाँचरमधली, म्हणजे खेळ सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममधली, एक सेटिंग अधिक महत्त्वाची आहे. खेळाला जितकी रॅम द्यावी तितका तो वेगवान होतो, ही समजूत चुकीची आहे. जावा वापरून झालेली मेमरी मधूनमधून गोळा करून मोकळी करते, आणि तिच्याकडे खूप मोठी जागा दिली तर ही सफाई उशिरा, पण एकदम मोठ्या प्रमाणावर होऊन खेळ थबकू शकतो. शिवाय ८ जीबीच्या यंत्रात खेळाला ६ जीबी दिले, तर विंडोज आणि ब्राउझर यांना श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि अशा लॅपटॉपवर ग्राफिक्सची चिपही त्याच रॅममधून आपला वाटा घेत असते. साध्या खेळाला २ ते ३ जीबी पुरतात.

जालावरच्या जुन्या याद्यांविषयी सावध राहा. त्यांत हमखास आढळणारा स्टारलाइट हा मॉड एके काळी अत्यंत उपयोगी होता, कारण तो प्रकाश आणि सावलीचा हिशेब नव्याने लिहीत असे, परंतु १.२० आवृत्तीत माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांग या कंपनीने ती यंत्रणा स्वतःच सुधारली आणि त्याची गरज बव्हंशी संपली. दुसरे नाव ऑप्टिफाइनचे. तो मॉड २०११ पासून आहे, त्याने अनेकांचे जुने संगणक तारले आहेत, पण त्याचा स्रोत बंद आहे; आत काय बदलले आहे हे इतर मॉड लिहिणाऱ्यांना वाचता येत नसल्यामुळे त्याच्याशी जुळवून घेणे त्यांना जड जाते. सोडियमसोबत तो टाकायचा नसतो. ऑप्टिफाइनसाठी बनवलेले शेडर (प्रकाश, सावल्या आणि पाणी अधिक देखणे करणारे संच) चालवायचे असतील, तर त्यासाठी आयरिस हा मुक्त स्रोत मॉड आहे, पण मुलाच्या लॅपटॉपवर शेडरचा विचारही करू नये.

बसवण्याची पद्धत सोपी आहे. मॉड खेळात शिरण्यासाठी लोडर लागतो, आणि वरील मॉडसाठी फॅब्रिक हा हलका लोडर पुरेसा आहे. फॅब्रिक २०१८ मध्ये सुरू झाला आणि त्याचा परवाना अपाची २.० हा मुक्त परवाना आहे. प्रिझम लाँचर हा जीपीएल या मुक्त परवान्याचा लाँचर घेतला, तर तो प्रत्येक संचासाठी स्वतंत्र फोल्डर ठेवतो, फॅब्रिक स्वतः बसवतो आणि मॉड्रिंथ या संकेतस्थळावरचे मॉड आतूनच शोधून देतो. मात्र खेळ विकत घेतलेले मायक्रोसॉफ्टचे खाते त्याला लागतेच. मॉडची आवृत्ती आणि खेळाची आवृत्ती तंतोतंत जुळली पाहिजे. याचे कारण असे की मॉड हा खेळाच्या मूळ फाइलला हात न लावता, खेळ सुरू होत असताना त्यातील ठरावीक जागी आपला भाग जोडतो, आणि मोजांगने ती जागाच बदलली तर जोडणी निखळते. पूर्वी ही जागा शोधणे आणखी कठीण होते, कारण खेळातील सर्व नावे मुद्दाम अर्थहीन अक्षरांत बदललेली असत. २०१९ मध्ये मोजांगने मूळ नावांचा तक्ता प्रसिद्ध केला, आणि यापुढे नावे झाकणार नसल्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. तरीही नवी आवृत्ती आली की मॉड तयार होईपर्यंत थोडे थांबावे लागते, आणि मुलाला तेवढा धीर धरायला सांगण्याचे काम मात्र तुमचेच आहे.

आता मुक्त स्रोताचा प्रश्न. जावा आवृत्तीतील मॉड हा बंदिस्त पेटीत चालत नाही. संगणकावर खेळाला जे अधिकार असतात, ते सर्व मॉडलाही मिळतात. तो फाइली वाचू शकतो आणि जालावर काहीही पाठवू शकतो. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर या नावाने ओळखला गेलेला व्हायरस मॉड वाटणाऱ्या कर्सफोर्ज आणि बुकिट यांच्या संकेतस्थळांवरील काही मॉडमधून आणि प्लगिनमधून (सर्व्हरवर टाकायच्या जोड-प्रोग्राममधून) पसरला. तो संगणकावरील इतर जार फाइलींमध्ये (मॉड ज्या स्वरूपात येतात त्या जावाच्या फाइलींमध्ये) स्वतःला घुसवत असे आणि ब्राउझरमधील लॉगिनची माहिती चोरत असे. त्या वेळी मॉड लिहिणाऱ्यांची खाती बळकावून दूषित फाइली चढवल्या गेल्या होत्या, आणि यातून लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की स्रोत सर्वांसमोर उघडा असणे आणि तुम्ही उतरवलेली फाइल त्याच स्रोतापासून तयार झालेली असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. ज्याला ही खात्रीच हवी असेल, त्याने स्रोत घेऊन ग्रेडल या, स्रोतापासून फाइल बनवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने फाइल स्वतः तयार करावी. बहुतेक मॉडच्या बाबतीत त्यासाठी एकच आज्ञा द्यावी लागते. तुम्हाला एवढे करण्याची आवश्यकता नाही. मॉडच्या स्वतःच्या पानावरूनच फाइल घ्यावी, ‘मॉड डाउनलोड’ असे शोधल्यावर वर येणाऱ्या आणि त्याच फाइली पुन्हा वाटणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांकडे फिरकू नये, आणि नवी फाइल आल्या दिवशीच टाकण्याची घाई करू नये.

सगळे उघडे ते सगळे मुक्त, असेही नाही. सोडियमचाच दाखला घ्या. आधी त्याला एलजीपीएल हा मुक्त परवाना होता. २०२४ पासून तो पॉलिफॉर्म शील्ड या परवान्याखाली आहे. त्याचा स्रोत आजही कोणीही वाचू शकतो आणि बदलू शकतो, पण त्याच्याशी स्पर्धा करणारे उत्पादन त्यातून काढता येत नाही, म्हणून काटेकोर अर्थाने त्याला मुक्त स्रोत म्हणता येणार नाही. फोर्ज हा लोडर वापरणाऱ्यांसाठी असलेला एम्बेडियम हा मॉड सोडियमच्या जुन्या, मुक्त परवान्याच्या स्रोतावर उभा राहिला आणि ते शक्य झाले ते त्या परवान्यामुळेच. खेळणाऱ्याला आज या भेदाने काही अडत नाही, आणि मी स्वतः सोडियम निःशंकपणे वापरतो. पण लेखकाने काम सोडले तर ते पुढे कोण चालवू शकेल, हे परवान्यावरच ठरते.

परवान्याचे सामर्थ्य किती असते, हे २०१४ मध्ये सर्व्हर चालवणाऱ्यांना चांगलेच कळले. क्राफ्टबुकिट हे त्या काळचे सर्वांत प्रचलित सर्व्हर सॉफ्टवेअर होते. त्यात जीपीएल परवान्याखाली लिहिलेला भाग आणि मोजांगचा बंद भाग एकत्र मिसळलेले होते. प्रकल्पात हातभार लावलेल्या एका प्रोग्रामरने, आपला जीपीएलखालचा भाग अशा मिश्रणात वाटता येणार नाही, अशी कायदेशीर नोटीस दिली आणि उतरवून घेण्याचे दुवे बंद झाले. त्यानंतर स्पिगॉट या प्रकल्पाने तयार फाइल वाटणे थांबवले आणि प्रत्येकाच्या संगणकावरच सर्व्हर तयार करून देणारे साधन दिले. पूर्ण खेळ अंगभूत असलेली ‘मॉडसह तयार’ फाइल कोणी देऊ केली, तर ती वैध असूच शकत नाही, कारण मोजांगचा करार मॉड वाटण्याची मुभा देतो, बदललेला खेळ वाटण्याची देत नाही.

वेग वाढवणारे मॉड आणि जगात नवे काही आणणारे मॉड यांतला फरकही मुलाला समजावून सांगा. सोडियम किंवा लिथियम काढून टाकला तरी जग जसेच्या तसे राहते, कारण ते जगाच्या फाइलीत आपले काही लिहून ठेवत नाहीत. क्रिएटसारखा मॉड दंतचक्रे, पट्टे आणि आगगाड्या आणतो, आणि तो फार सुंदर आहे. पण तो काढला की त्याचे सर्व ठोकळे जगातून नाहीसे होतात. म्हणून असा मॉड टाकण्याआधी सेव्ह्ज या फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवावी. मित्रांच्या सर्व्हरवर खेळताना सोडियम चालतो, कारण तो केवळ आपल्या पडद्यापुरता असतो. नकाशा दाखवणारे मॉड मात्र काही सर्व्हरवर नियमबाह्य मानले जातात, ते आधी विचारून घ्यावे.

एवढे करूनही खेळ रखडत असेल, तर स्पार्क हा जीपीएल परवान्याचा मॉड टाकून काही मिनिटे खेळू द्या. कोणत्या कामात किती वेळ गेला याचा तपशील तो पानाच्या स्वरूपात देतो, आणि मॉडच्या लेखकाकडे तक्रार करताना हेच पान जोडले तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. आणि लॅपटॉप त्याहूनही दुबळा निघाला, तर लुआंटी पाहावा. २०१० मध्ये मिनीटेस्ट या नावाने सुरू झालेल्या आणि २०२४ मध्ये नाव बदललेल्या या प्रकल्पाचे इंजिनच मुक्त स्रोत आहे, तो विनामूल्य आहे, त्याचे मॉड लुआ या सोप्या भाषेत लिहिता येतात, आणि व्हॉक्सेलिब्रे हा त्यातला खेळ माइनक्राफ्टच्या पुष्कळ जवळ जातो. मुलाला स्वतः मॉड लिहून पाहायचा असेल, तर सुरुवात येथूनच करणे मला अधिक सोयीचे वाटते. मात्र त्याचे मित्र माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर खेळत असतील, तर त्यांच्याबरोबर खेळण्यासाठी हा पर्याय उपयोगाचा नाही, कारण लुआंटीतून त्या सर्व्हरला जोडता येत नाही.