मुळा-मुठेच्या प्रदूषणाच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

तुम्ही विचारलंय की सरकारी अहवालात नदीचा बीओडी (पाण्यातली घाण दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) कधीकधी बरा दिसतो, आणि बंडगार्डनला मात्र पाण्यावर फेस असतो. मग आकडे खोटे आहेत का?

मी पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासतो. माझ्या अनुभवात आकडे सहसा बनवलेले नसतात, पण त्यांची मर्यादा कुणी सांगत नाही. फेसाचंच घ्या. तो मुख्यतः साबण-डिटर्जंटमुळे येतो आणि डिटर्जंट मोजायची चाचणी वेगळी असते. ती केलीच नसेल तर फेस अहवालात दिसणार कुठून?

दुसरं, नमुना घेतला कधी? सरकारी तपासणीत बऱ्याच ठिकाणी साधारण महिन्यातून एकदा पुलावरून पाणी काढतात. नदी तर तासातासाला बदलते. सकाळच्या आंघोळी-धुण्यांचं पाणी नाल्यांतून उतरलं की घाण वाढते. दुपारच्या उन्हात शेवाळामुळे विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, चढतो आणि पहाटे तळाला जातो. खडकवासल्यातून विसर्ग सोडला असेल तर तेवढीच घाण जास्त पाण्यात पातळ होते आणि आकडा सुधारतो. म्हणून किती क्युसेक पाणी वाहत होतं हे शेजारी लिहिलेलं नसेल, तर दोन महिन्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

डीओची बाटली काठावरच भरावी लागते, आत एकही बुडबुडा न राहू देता. लगेच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं की साका धरतो. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढराफटक म्हणजे शून्य. मी पांढरा साका पाहिलाय, आणि तो पाहिल्यावर अहवालाची वाट बघावी लागत नाही. हे काठावर न करता बाटली तशीच गाडीत टाकून आणली, तर वाटेत जिवाणू उरलेला ऑक्सिजन खातात, आणि प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी आकडा चुकतो.

आता रासायनिक प्रदूषणाबद्दल, कारण मला खरी काळजी तिथं वाटते. बीओडी म्हणजे जिवाणूंनी घाण खाताना वापरलेला ऑक्सिजन. आपल्याकडे त्यासाठी नमुना २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात. पाण्यात सायनाइड किंवा क्रोमियमसारखं विष असेल तर बाटलीतले जिवाणूच मरतात आणि बीओडी कमी येतो. म्हणजे पाणी जितकं विषारी, तितकं कागदावर स्वच्छ! पिंपरी-चिंचवडसारख्या, प्लेटिंगची, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याची, छोटी युनिटं असलेल्या भागात हे विसरून चालणार नाही. म्हणून बीओडी आणि सीओडी (जिवाणूंऐवजी रसायनानं घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) शेजारी ठेवून वाचा. घरगुती कच्च्या सांडपाण्यात बीओडी हा सीओडीच्या साधारण निम्म्याच्या आसपास असतो. सीओडी भरपूर आणि बीओडी अगदीच थोडा दिसला, तर कारखान्याच्या पाण्याचा संशय घ्या. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातही हे प्रमाण घटतं, पण तेव्हा सीओडीही उतरलेला असतो.

धातूंच्या रकान्यात 'बीडीएल' लिहिलेलं असतं. लोक त्याचा अर्थ 'नाही' असा घेतात. तो अर्थ 'आमच्या यंत्राला दिसलं नाही' एवढाच. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, यंत्राला ०.०५ च्या खालचं दिसतच नसेल, तर त्या 'बीडीएल'चा उपयोग शून्य. शिवाय धातू बरेचसे गाळात जाऊन बसतात. नुसतं वरचं पाणी तपासून ते हाती लागत नाहीत.

काही चुका तुम्हाला घरबसल्या पकडता येतील. बीओडी सीओडीपेक्षा जास्त असूच शकत नाही. विष्ठेतले कोलिफॉर्म (जिवाणूंचा एक गट) एकूण कोलिफॉर्मपेक्षा जास्त असू शकत नाहीत. पुण्याच्या उंचीवर २५ अंशांच्या पाण्यात डीओ लिटरला पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. दहा-बारा लिहिलेला असेल तर शेवाळ तरी आहे किंवा चूक तरी. सलग महिने दशांशापर्यंत तोच आकडा आला तर मात्र नक्की विचारा.

विचारायचं माहिती अधिकारात. नुसता अहवाल मागू नका, तो मिळेलच. नमुना घेतल्याची वेळ, तो प्रयोगशाळेत पोहोचल्याची वेळ, बर्फात ठेवला होता का, धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घातलं होतं का, आणि प्रत्येक चाचणीची सर्वात खालची मोजता येणारी पातळी किती, हे मागा. ही सगळी माहिती प्रयोगशाळेच्या नोंदवहीत असायलाच हवी.